पुण्यातील लॅव्हेंडर: कीड व रोगांची ओळख आणि उपचार (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पुण्यात गच्चीवर, बाल्कनीत किंवा बंगल्याच्या आवारात कुंडीतून लॅव्हेंडर वाढवणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. औषधांची मात्रा दिली आहे तेथे ती एक लिटर पाण्यासाठी समजावी आणि वापरण्यापूर्वी पाकिटावरील सूचनांशी पडताळून घ्यावी. दोन्हींत फरक आढळल्यास पाकिटावरील मात्रा ग्राह्य धरावी.

लॅव्हेंडर पुण्यात वारंवार का दगावते?

लॅव्हेंडर हे मूळचे भूमध्य सागराभोवतालच्या खडकाळ, चुनखडीयुक्त उतारांवरील झुडूप आहे. तेथे उन्हाळा कोरडा असतो आणि पाऊस हिवाळ्यात, म्हणजे झाडाची वाढ मंदावलेली असताना पडतो. पुण्यात हा क्रम नेमका उलटतो, कारण वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, हवा उबदार आणि दमट असताना येतो. मुळांपाशी साचलेले पाणी, उबदार माती आणि न हलणारी दमट हवा या तीन गोष्टी एकत्र आल्या की बुरशीजन्य रोगांना दुसरे काही लागत नाही. जम्मूतील भद्रवाह येथे लॅव्हेंडरची शेती यशस्वी झाल्याच्या बातम्या वाचून अनेकांना उमेद येते. परंतु भद्रवाह समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे आणि पुणे सुमारे ५६० मीटरवर, त्यामुळे तेथील अनुभव येथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

याउलट कीटकांच्या बाबतीत हे झाड बरेच सुरक्षित असते. पानांतील सुगंधी तेल आणि पानांवरील दाट लव यांमुळे चावून खाणाऱ्या बहुतेक किडी त्याच्याकडे फारशा वळत नाहीत. त्यामुळे पुण्यातील लॅव्हेंडरचा खरा शत्रू पानावर कमी आणि मातीत अधिक असतो, आणि फवारणीवर खर्च होणारी बरीचशी मेहनत चुकीच्या जागी पडते, असे या लेखकाचे स्पष्ट मत आहे. पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर लॅव्हेंडरच्याच प्रजातीतील लॅव्हंड्युला बायपिन्नाटा ही रानटी वनस्पती आढळते. ती इथल्याच पावसात वाढते खरी, पण तीही पाणी न साचणारे खडकाळ उतारच पसंत करते.

रोप आजारी दिसल्यास सर्वप्रथम काय तपासावे?

फवाऱ्याचा पंप हाती घेण्यापूर्वी मातीत दोन बोटे खोल खुपसून ओल पाहावी. माती कोरडी असून रोप मान टाकत असेल तर त्याला पाणी हवे आहे. माती ओली असूनही रोप मलूल असेल तर मुळे काम करीत नाहीत, आणि अशा वेळी आणखी पाणी घालणे म्हणजे रोग वाढवणे होय. यानंतर कुंडी आडवी करून मातीचा गोळा अलगद बाहेर काढावा. निरोगी मुळे पांढरी किंवा फिकट पिवळसर आणि टणक असतात. कुजलेली मुळे तपकिरी ते काळी होतात, त्यांना कुबट वास येतो आणि चिमटीत धरून ओढल्यास वरची साल निसटून आतला दोरा तेवढा हातात राहतो.

मुळे ठीक असल्यास बुंध्याकडे वळावे. जमिनीलगतची साल नखाने किंचित खरवडल्यास आत हिरवा थर दिसला पाहिजे. तेथे तपकिरी पट्टा आढळल्यास बुंधाकुज सुरू झाली आहे असे समजावे. बुंधाही निरोगी असेल तरच पाने पाहावीत, आणि तीही खालच्या बाजूने, कारण रस शोषणाऱ्या बहुतेक किडी तेथेच असतात. एक पांढरा कागद फांदीखाली धरून फांदी दोन-तीनदा झटकावी. कागदावर पडलेले ठिपके चालू लागले तर ते कोळी (पानांचा रस शोषणारे अतिसूक्ष्म जीव) किंवा फुलकिडे असतात. ठिपके तसेच पडून राहिले तर ती बहुधा धूळ असते, आणि पुण्यातील रस्त्यालगतच्या बाल्कनीत ती भरपूर असते.

लक्षणांची मांडणीही बोलकी असते. सगळे रोप एकाच वेळी मलूल झाले तर दोष मुळांत असतो, आणि एकच फांदी वाळली तर तो त्या फांदीत किंवा तिच्या बेचक्यात असतो. खालची जुनी पाने तेवढी पिवळी पडत असतील आणि शेंडे टवटवीत असतील, तर बहुधा ते नैसर्गिक वयोमान असते. नवीन पाने पिवळी पडून शिरा मात्र हिरव्या राहिल्या तर लोहाची कमतरता संभवते. बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी सातत्याने घातलेल्या कुंड्यांमध्ये पानांची टोके करपतात. तो रोग नसून क्षारांचा परिणाम असतो.

माती ओली असूनही रोप कोमेजते. हा कोणता रोग आहे?

पावसाळ्यात असे घडल्यास सर्वाधिक शक्यता फायटोफ्थोरा या रोगकारकामुळे होणाऱ्या मूळकुजीची असते. फायटोफ्थोरा निकोशियानी ही जाती लॅव्हेंडरवर जगभर आढळते, आणि इंग्लिश लॅव्हेंडर व त्याचे संकर म्हणजे लॅव्हॅन्डिन हे दोन्ही तिला बळी पडतात. पिथियम, रायझोक्टोनिया आणि फ्युजेरियम यांमुळेही मुळे व बुंधा कुजतात, परंतु कुंडीतील रोप आठवड्याभरात राखाडी-तपकिरी होऊन मरून जाते तेव्हा संशय प्रथम फायटोफ्थोरावर घ्यावा.

या रोगकारकाचे बीजाणू पाण्यात अक्षरशः पोहतात. कुंडीखालच्या बशीत साठलेले पाणी, एकाच ट्रेमध्ये ठेवलेल्या अनेक कुंड्या, शेजारच्या आजारी कुंडीतून वाहून आलेले पावसाचे पाणी, या सर्व मार्गांनी रोग एका रोपावरून दुसऱ्यावर जातो. शिवाय त्याचे टिकाऊ बीजाणू मातीत दीर्घकाळ जिवंत राहतात, म्हणूनच मेलेल्या रोपाच्या जागी त्याच मातीत नवे रोप लावणारा माणूस पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तोच प्रश्न विचारताना दिसतो.

रोपवाटिकेतून आणलेल्या रोपाच्या मुळांभोवती बहुधा निव्वळ कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, असते. रोपवाटिकेच्या दृष्टीने ते सोयीचे असते, कारण ते हलके असते आणि ओल धरून ठेवते. लॅव्हेंडरच्या दृष्टीने मात्र नेमका हाच त्याचा दोष आहे. बाहेरची माती कोरडी दिसत असताना आतला कोकोपीटचा गोळा ओलाच राहतो आणि मधली मुळे कुजत जातात. उरुळी कांचन किंवा सोलापूर रस्त्यावरील रोपवाटिकांतून पावसाळ्याच्या तोंडावर रोप आणण्याऐवजी ते ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरमध्ये आणावे, कुंडीत लावताना मुळांभोवतीचे जास्तीचे कोकोपीट हलक्या हाताने झटकून टाकावे, आणि मुळे मोठ्या प्रमाणात तुटणार नाहीत एवढी काळजी घ्यावी.

मूळकुज झालेले रोप वाचवता येते का?

निम्म्याहून अधिक मुळे काळी पडली असतील तर रोप वाचवण्याचा खटाटोप करू नये. अशा वेळी वरच्या निरोगी शेंड्यांची छाट कलमे घेऊन नवे रोप तयार करणे अधिक शहाणपणाचे ठरते. मात्र कलमे जमिनीपासून दूरच्या, पूर्णपणे हिरव्या फांद्यांचीच असावीत. रोग सुरुवातीच्या अवस्थेत असेल तर कुजलेली मुळे स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने कापावीत, वरचा विस्तार तितक्याच प्रमाणात कमी करावा, रोप नव्या कोरड्या मिश्रणात लावावे आणि पाऊस व प्रखर ऊन लागणार नाही अशा हवेशीर जागी ठेवावे.

औषध द्यायचे झाल्यास मेटॅलॅक्झिल व मॅन्कोझेब यांचे संयुक्त बुरशीनाशक २ ग्रॅम किंवा फोसेटिल-एएल २ ग्रॅम या प्रमाणात आळवणी करावी, म्हणजे औषध पाण्यात मिसळून मुळांशी ओतावे. ही औषधे रोगाचा प्रसार रोखतात. कुजलेली मुळे पुन्हा जिवंत करीत नाहीत. पाण्याचा निचरा न सुधारता केलेली आळवणी, मग ती कितीही महागड्या औषधाची असो, दोन-तीन आठवड्यांपलीकडे उपयोगी पडत नाही.

जुनी माती इतर कुंड्यांत मिसळू नये. ती टाकून देणे शक्य नसेल तर एप्रिल-मे महिन्यांत हलकी ओली करून पारदर्शक प्लास्टिकखाली भर उन्हात पातळ थर करून चार ते सहा आठवडे ठेवावी. पुण्याचा उन्हाळा एवढ्या कामासाठी पुरेसा कडक असतो.

कार्बेन्डाझिम सर्व बुरशीजन्य रोगांवर चालते का?

नाही. घराघरांतील बागकामाच्या डब्यात हे औषध हमखास असते आणि प्रत्येक मरगळलेल्या झाडावर ते ओतले जाते. परंतु फायटोफ्थोरा आणि पिथियम हे खऱ्या बुरशींच्या गटात मोडत नाहीत आणि कार्बेन्डाझिमचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. फ्युजेरियम, राखाडी बुरशी किंवा काही पानांवरील ठिपक्यांसाठी ते उपयोगी पडू शकते. मूळकुजीवर ते देऊन वाट पाहत बसल्यास मौल्यवान आठवडा मात्र वाया जातो.

ट्रायकोडर्मा वापरावे का? कधी वापरावे?

अवश्य वापरावे, पण रोग येण्यापूर्वी. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी मुळांभोवतीची जागा व्यापून रोगकारकांना अटकाव करते. कुजून गेलेल्या मुळांवर तिचा उपचार म्हणून उपयोग नाही. मे अखेरीस ५ ग्रॅम प्रमाणात आळवणी करावी किंवा चांगल्या कुजलेल्या कंपोस्टमध्ये मिसळून ते कुंडीत द्यावे. ताम्रयुक्त किंवा अन्य रासायनिक बुरशीनाशक दिल्यानंतर किमान पंधरा दिवस ट्रायकोडर्मा देऊ नये, नाहीतर एका हाताने पेरलेले दुसऱ्या हाताने मारल्यासारखे होते. पाकिटावरील अंतिम मुदत पाहूनच ते विकत घ्यावे, कारण उन्हात तापलेल्या दुकानात पडून राहिलेल्या पाकिटातील बुरशी जिवंत असेलच असे नाही.

पानांवर पांढुरका थर दिसतो. ही भुरी आहे का?

बहुतेक वेळा नाही. लॅव्हेंडरच्या पानांवर मुळातच बारीक राखाडी लव असते आणि कोवळ्या पानांवर ती अधिक दाट दिसते. पान बोटांत चोळून पाहावे: लव निघत नाही, भुरी मात्र पिठासारखी बोटाला लागते आणि खाली हिरवे पान उघडे पडते. शिवाय लव सर्व पानांवर सारखी असते, तर भुरी गोलसर डागांनी सुरू होते आणि दाटीच्या, वारा न लागणाऱ्या भागात आधी दिसते. खरोखर भुरी असेल तर पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक २ ग्रॅम प्रमाणात सकाळी लवकर फवारावे. तापमान ३२ अंशांच्या वर जाणार असेल तर, तसेच कडुनिंब तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवड्यांच्या आत, गंधक वापरू नये. दोन्ही परिस्थितींत पाने करपतात.

पानांवर ठिपके पडतात आणि झुडपाचा आतला भाग तपकिरी होतो. काय करावे?

जांभळट कडा आणि मध्यभागी राखाडी रंग असलेले लहान गोल ठिपके सेप्टोरिया या बुरशीमुळे पडतात. ते खालच्या पानांपासून सुरू होतात, कारण पावसाचे किंवा झारीचे पाणी मातीवर आपटून उडाले की बीजाणू पानांवर जातात. रोगट पाने काढून टाकावीत, पाणी पानांवर न घालता बुंध्याशी घालावे आणि मातीवर बारीक खडीचा एक थर पसरावा. खडीमुळे माती उडत नाही आणि बुंध्याभोवतीची जागा कोरडी राहते. शेणखत, पालापाचोळा किंवा नारळाच्या शेंड्या यांचे आच्छादन इतर झाडांना मानवते, लॅव्हेंडरला मानवत नाही.

झुडपाच्या आतल्या पानांवर व वाळलेल्या फुलांच्या दांड्यांवर राखाडी मऊ बुरशी दिसल्यास ती बोट्रायटिस होय. जुलै-ऑगस्टच्या झडीत आठ-दहा दिवस ऊन पडले नाही की ती हमखास येते. फुलोरा संपल्यावर दांड्या कापणे आणि पावसाळ्यापूर्वी आतील दाटी विरळ करणे हे तिच्यावरचे सर्वांत परिणामकारक उपाय आहेत. छाटणी करताना पाने नसलेल्या जुन्या लाकडापर्यंत कापू नये, कारण तेथून लॅव्हेंडरला सहसा पुन्हा फूट येत नाही.

संरक्षक फवारणी करायची असल्यास कॉपर ऑक्सिक्लोराइड २.५ ग्रॅम प्रमाणात वापरता येते. ज्यांना ताजे बोर्डो मिश्रण करण्याची सवय आहे त्यांनी एक टक्का मिश्रणासाठी १० ग्रॅम मोरचूद आणि १० ग्रॅम कळीचा चुना प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत अर्धा-अर्धा लिटर पाण्यात विरघळवून नंतर एकत्र करावा. त्यात लोखंडी खिळा बुडवून पाहावा. खिळ्यावर तांबूस थर चढल्यास आणखी चुन्याची निवळी घालावी, आणि मिश्रण त्याच दिवशी संपवावे.

फांद्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके आहेत. ते कसे घालवावेत?

हा पिठ्या ढेकूण होय. पुण्यातील घरगुती बागांमध्ये लॅव्हेंडरवरील ही सर्वांत चिवट कीड आहे. पानांच्या बेचक्यात, फांद्यांच्या सांध्यांत आणि कधीकधी कुंडीच्या आतल्या कडेला मुळांवरही ती बसते. बहुतेकदा तिचा उगम जास्वंदीच्या कुंडीत असतो. त्यामुळे जास्वंद आणि लॅव्हेंडर शेजारी ठेवू नयेत. तुळस लॅव्हेंडरच्याच कुळातील असल्याने तिच्यावरही लक्ष ठेवावे.

प्रादुर्भाव थोडा असेल तर कानात घालायच्या कापसाच्या काडीने स्पिरिट लावून एकेक पुंजका पुसून काढावा. काम कंटाळवाणे आहे, पण एका कुंडीसाठी याहून खात्रीचा उपाय नाही. पुंजके अधिक असतील तर जास्त ग्रासलेल्या फांद्या कापून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून टाकाव्यात, उरलेल्या रोपावर पाण्याची जोरदार धार मारावी आणि रोप वाळल्यावर कडुनिंब तेल ५ मिलि व द्रवरूप साबण १ ते २ मिलि यांची फवारणी करावी. मेणचट आवरणामुळे औषध मोठ्या ढेकणापर्यंत सहसा पोहोचत नाही. ते परिणाम करते नुकत्याच बाहेर पडलेल्या पिलांवर. म्हणून सात ते दहा दिवसांच्या अंतराने निदान तीन फवारण्या कराव्या लागतात, आणि पहिल्या फवारणीनंतर थांबणाऱ्यांच्या कुंडीत ही कीड महिन्याभरात परत येते. दमट हवेत लेकॅनिसिलियम लेकॅनी ही परोपजीवी बुरशी ५ ग्रॅम प्रमाणात संध्याकाळी फवारल्यास चांगला परिणाम मिळतो. त्या काळात बुरशीनाशक मात्र देऊ नये.

येथे एक सावधगिरी अत्यंत महत्त्वाची आहे. क्रिप्टोलीमस या मित्रभुंगेऱ्याची अळी स्वतःच पांढऱ्या मेणाच्या झिरमिळ्यांनी झाकलेली असते आणि पहिल्या नजरेला मोठ्या पिठ्या ढेकणासारखीच दिसते. हा भुंगेरा पिठ्या ढेकूण खातो आणि याच कामासाठी तो १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. ढेकणांच्या गर्दीत एखादा पांढरा जीव आकाराने बराच मोठा, झिरमिळ्या लांब आणि चाल वेगवान असेल, तर त्याला मारू नये आणि त्या फांदीवर फवारणी करू नये.

मावा आणि पांढरी माशी यांवर कोणता उपाय आहे?

मावा कोवळ्या शेंड्यांवर आणि फुलांच्या दांड्यांवर, विशेषतः डिसेंबर-जानेवारीत ढगाळ हवा असताना वाढतो. पाण्याच्या धारेने तो सहज गळून पडतो, आणि लॅव्हेंडरच्या बाबतीत बहुधा एवढ्यावरच भागते. पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे रोपाच्या उंचीवर टांगावेत. दोन्ही किडी गोड चिकट स्राव सोडतात. त्यावर काजळीसारखी काळी बुरशी वाढते आणि मुंग्या येतात. मुंग्या किडींचे मित्रकीटकांपासून रक्षण करतात, त्यामुळे कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली की शेंडे तपासण्याची वेळ झाली असे समजावे.

मावा वारंवार येत असेल तर खताचा हिशेब पाहावा. युरिया, जास्तीचे शेणखत किंवा दर आठवड्याला दिलेली पेंडेची स्लरी यांमुळे लुसलुशीत वाढ होते आणि माव्याला तेच हवे असते. लॅव्हेंडर हे गरिबीत सुखी राहणारे झाड आहे.

पाने निस्तेज, बारीक ठिपक्यांची व जाळी असलेली दिसतात. हे कशामुळे?

लाल कोळ्यामुळे. ऑक्टोबरच्या उष्म्यात आणि मार्च ते मे या काळात, भिंतीलगतच्या तापलेल्या बाल्कनीत तो झपाट्याने वाढतो. कोळी हा कीटक नसल्यामुळे इमिडाक्लोप्रिडसारखी कीटकनाशके त्याच्यावर चालत नाहीत. उलट त्याला खाणारे जीव मरून त्याची संख्या वाढू शकते. आठवड्यातून दोनदा सकाळी पानांच्या खालच्या बाजूस पाण्याची धार मारावी, म्हणजे रोप दुपारपर्यंत वाळते. प्रादुर्भाव मोठा असल्यास १०,००० पीपीएम ॲझाडिरॅक्टिन (कडुनिंबातील कीडनाशक घटक) १ ते २ मिलि प्रमाणात संध्याकाळी फवारावे. गंधकही चालते, परंतु पुण्याच्या एप्रिलमध्ये तापमानाची मर्यादा लक्षात घेता ते वापरण्याची संधी क्वचितच मिळते.

देठांवर थुंकीसारखा फेस दिसतो. तो धोकादायक आहे का?

फेसाच्या आत एक लहान कीटक असतो आणि त्यामुळे रोपाचे लक्षणीय नुकसान होत नाही; पाण्याने धुऊन टाकल्यास पुरे. युरोपातील लेखांत याविषयी मोठी चिंता व्यक्त केलेली आढळते, त्याचे कारण झायलेला हा जिवाणू आहे. २०१३ मध्ये तो इटलीतील पुलिया भागात ऑलिव्हच्या बागांत आढळला. फेस करणारे कीटक त्याचा प्रसार करतात आणि लॅव्हेंडर हीदेखील त्याची एक यजमान वनस्पती आहे. त्याचप्रमाणे ब्रिटिश लेखांत रोझमेरी भुंगेऱ्याला पहिले स्थान दिलेले असते. परदेशी यादी समोर ठेवून पुण्यातील रोपावर तेथील कीड शोधत बसू नये.

कुंडीतील मातीत जाड पांढऱ्या अळ्या सापडल्या. त्या कोणत्या?

अर्धवट कुजलेल्या शेणखतातून हुमणीच्या अळ्या कुंडीत येतात. त्या पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या असतात, त्यांचे डोके तपकिरी असते आणि त्या मुळे खातात. मात्र कंपोस्टमध्ये सापडणारी प्रत्येक पांढरी अळी हुमणी नसते. अळी सपाट फरशीवर ठेवून पाहावी. पाय वर करून पाठीवर सरपटत जाणारी अळी फुलभुंगेऱ्याची असते. ती कुजका पाला खाते आणि तिला कंपोस्टच्या डब्यात परत सोडावे. हुमणी सापडल्यास कुंडी रिकामी करून अळ्या वेचून काढाव्यात आणि मेटारायझियम ही बुरशी ५ ग्रॅम प्रमाणात मातीत द्यावी.

मातीवर बारीक काळी चिलटे उडतात. त्यांचे काय करावे?

त्यांच्या अळ्या ओल्या मातीतील बुरशी व कोवळी मुळे खातात. चिलटे दिसणे म्हणजे माती फार काळ ओली राहत आहे. पाणी कमी करावे आणि एक पिवळा सापळा लावावा.

पानांवर पिवळे धब्बे आहेत, पण कीड किंवा बुरशी दिसत नाही. का?

चकचकीत पिवळे, वेडेवाकडे धब्बे आणि किंचित मुरडलेली पाने ही अल्फाल्फा मोझॅक या विषाणूची लक्षणे असू शकतात. अल्फाल्फा म्हणजे आपल्याकडील लसूण घास. हा विषाणू माव्यामुळे, तसेच रोगट रोपाची कलमे घेतल्यामुळे व न पुसलेल्या कात्रीमुळे पसरतो. यावर कोणतेही औषध नाही. रोप लगेच मरत नाही, हळूहळू खुरटत जाते, आणि म्हणूनच ते काढून टाकण्याचा निर्णय अवघड जातो. शेजारी इतर लॅव्हेंडर असतील तर तो घ्यावा. एकच रोप असेल आणि त्याची कलमे घ्यायची नसतील, तर ते ठेवण्यास हरकत नाही.

मुळांवर गाठी दिसतात. हा रोग आहे का?

त्या सूत्रकृमींच्या, म्हणजे मातीतील सूक्ष्म कृमींच्या, गाठी असतात. शेतातील, विशेषतः वांगी-टोमॅटो घेतलेल्या जमिनीतील माती कुंडीत आणल्याने त्या येतात. निंबोळी पेंड मातीत मिसळल्याने प्रमाण कमी होते, पण कुंडीच्या बाबतीत माती बदलणे अधिक सोपे आहे.

घरी निंबोळी अर्क कसा तयार करावा?

जून-जुलैत झाडाखाली पडलेल्या पिकल्या निंबोळ्या गोळा करून, गर काढून, सावलीत वाळवाव्यात. पाच टक्के अर्कासाठी ५० ग्रॅम निंबोळ्या भरड कुटून रात्रभर थोड्या पाण्यात भिजत घालाव्यात, सकाळी फडक्यातून पिळून गाळून घ्यावे आणि पाणी घालून एक लिटर करावे. त्यात चिमूटभर साबणचुरा घालून त्याच संध्याकाळी फवारावे, कारण ॲझाडिरॅक्टिन उन्हात लवकर नष्ट होते. भांड्यांचा तीव्र साबण किंवा कपड्यांची पावडर वापरू नये. कोणतीही नवी फवारणी प्रथम एका फांदीवर करून दोन दिवस थांबावे. लॅव्हेंडरची लव द्रव धरून ठेवते, त्यामुळे तेलाचे प्रमाण थोडे जरी जास्त झाले तरी पाने काळवंडतात.

तीव्र रासायनिक कीटकनाशके वापरावीत का? माळी थिमेट टाकण्यास सांगतो.

थिमेट म्हणजे फोरेट. भारतात ३१ डिसेंबर २०२० पासून त्याच्या वापरावर पूर्ण बंदी आहे आणि घराच्या आवारात, मुले व पाळीव प्राणी असताना ते असणेच धोक्याचे आहे. जुना साठा कोणी देऊ केल्यास घेऊ नये. कीटकनाशकाच्या डब्यावरील रंगीत त्रिकोण पाहण्याची सवय ठेवावी: लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्यानंतर पिवळा, निळा आणि सर्वांत कमी विषारी हिरवा. घरगुती लॅव्हेंडरवरील कोणत्याही किडीसाठी लाल किंवा पिवळ्या त्रिकोणाचे औषध आवश्यक ठरत नाही.

फुलोऱ्यावर असताना मधमाश्या सतत येतात, म्हणून त्या काळात कोणतीही फवारणी टाळावी. इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम आणि क्लोथियानिडिन ही आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणारी, औषधे परागकण व मधुरसातही उतरतात. युरोपीय संघाने २०१८ मध्ये त्यांच्या खुल्या शेतातील वापरावर बंदी घातली ती मधमाश्यांच्या कारणानेच. फुले चहासाठी किंवा खाद्यपदार्थांत वापरायची असतील, तर त्या रोपावर आंतरप्रवाही औषध अजिबात देऊ नये.

पुण्याच्या हवामानात कोणती जात कमी आजारी पडते?

इंग्लिश लॅव्हेंडर येथे सर्वांत नाजूक ठरते. ते हौसेने हिवाळ्यापुरते ठेवावे. दातेरी पानांचे फ्रेंच लॅव्हेंडर, म्हणजे लॅव्हंड्युला डेंटाटा, आणि नक्षीदार पानांचे मल्टिफिडा हे दमटपणा तुलनेने अधिक सोसतात. यांचा सुगंध इंग्लिश जातीइतका गोड नसतो आणि त्यात कापराची छटा असते, पण सप्टेंबरअखेर जिवंत असलेले रोप हवे असेल तर ही तडजोड करावी लागते.

पावसाळ्यापूर्वी कोणती तयारी करावी?

मे महिन्यात हलकी छाटणी करून झुडपाच्या आत हवा खेळेल असे पाहावे. मिश्रण पोयटा माती, जाड वाळू किंवा बारीक मुरूम आणि विटांचा चुरा किंवा पर्लाइट यांचे समभाग घेऊन करावे आणि चांगले कुजलेले शेणखत एक दशांशापेक्षा जास्त घालू नये. निव्वळ काळी माती कधीही वापरू नये. कुंडी मातीची असावी, तिची भोके मोठी असावीत, खालची बशी काढून टाकावी आणि कुंडी दोन विटांवर ठेवावी. पहिल्या वळवाच्या सरीने फारसे बिघडत नाही. मोसमी पाऊस स्थिरावला की मात्र कुंड्या पत्र्याखाली किंवा गॅलरीच्या आतल्या बाजूस न्याव्यात, जेथे ऊन आणि वारा मिळेल पण पाऊस लागणार नाही. बंद खोलीत नेल्यास पाऊस टळतो, पण राखाडी बुरशीला आयते घर मिळते. या चार महिन्यांत माती वरून एक-दोन इंच कोरडी झाल्याशिवाय पाणी देऊ नये. गोगलगायी कुंडीखालच्या सांदीत लपतात. त्या रात्री विजेरीच्या उजेडात वेचून मिठाच्या पाण्यात टाकाव्यात, मीठ मात्र कुंडीत पडू देऊ नये.

निदान होत नसेल तर पुण्यात नमुना कोठे दाखवावा?

शिवाजीनगर येथील कृषी महाविद्यालयात वनस्पती रोगशास्त्र आणि कीटकशास्त्र हे विभाग आहेत. जिल्ह्यातील बारामती व नारायणगाव येथील कृषी विज्ञान केंद्रांतही मार्गदर्शन मिळते. जाण्यापूर्वी दूरध्वनीवरून वेळ विचारून घ्यावी. वाळलेली फांदी तेवढी घेऊन गेल्यास कोणीही काही सांगू शकत नाही, कारण मेलेल्या भागावर इतर बुरशी वाढलेल्या असतात. रोगट आणि निरोगी भाग जेथे मिळतात तो तुकडा, बुंधा, मुळे व त्यांच्याभोवतीची मूठभर माती असा पूर्ण नमुना न्यावा. पाने कोऱ्या कागदात गुंडाळावीत, मुळे मातीसकट वेगळ्या पिशवीत ठेवावीत आणि ओल्या पिशवीत पाने कोंडू नयेत, नाहीतर प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत त्यांना वाटेतच बुरशी लागते. रोप कधी आणले, शेवटचे पाणी व खत केव्हा दिले आणि आतापर्यंत कोणती औषधे घातली, हे एका कागदावर लिहून न्यावे. किडीचा नमुना असेल तर तो लहान बाटलीत स्पिरिटमध्ये बुडवून न्यावा.